बरणी का नासते? मिरचीच्या बेगमीविषयी एक पाठ

दिवाळीची सुटी संपवून मुले वसतिगृहात परततात, तेव्हा त्यांच्या पेट्यांतून कपड्यांच्याही आधी बाटल्या बाहेर येतात. कुणाची कॉफीची रिकामी बाटली, कुणाचा डालड्याचा जुना डबा, कुणाची झाकणावर फडके बांधलेली चिनी मातीची लहान बरणी. आत काय असते हे विचारावे लागत नाही. हिरव्या मिरचीचे लोणचे, लसणाचा ठेचा, नाहीतर ताकात मुरवून वाळवलेली सांडगी मिरची. भोजनगृहातील आमटी पातळ असो वा घट्ट, घरच्या मिरचीचा एक तुकडा ताटात पडला की मूल जेवते, हे आम्ही गेली पंचवीसहून अधिक वर्षे पाहत आलो आहोत. इतिहासाच्या शिक्षकाने स्मरणिकेत मिरचीवर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु या बाटल्यांनीच आम्हाला एकदा असा पाठ दिला की जो आमच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात कोठेही नव्हता.

प्रसंग बऱ्याच वर्षांपूर्वीचा आहे. वसतिगृहाच्या कोठीत मिरचीच्या लोणच्याची एक मोठी बरणी होती. पौषात तिच्यावर पांढरा थर आला आणि वास बदलला. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशींनी झाकण उघडून पाहिले आणि सर्वांदेखत म्हणाल्या, "कुणीतरी पाळीत बरणीला हात लावलाय. नाहीतर माझं लोणचं कधी नासत नाही." वाढपाच्या पाळीतील आठवीची एक मुलगी मान खाली घालून उभी राहिली. त्या दिवशी तिने लोणचे घेतले नाही, आणि पुढे कितीतरी दिवस ती कोठीच्या उंबऱ्यापाशी थांबून दुसऱ्या मुलीला आत पाठवीत असे. भोजनगृहाच्या भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. त्या तसबिरींखाली आम्हीही उभे होतो आणि काही बोललो नाही. मावशी वयाने मोठ्या, मनाने प्रेमळ. त्यांना चारचौघांत कसे दुखवावे, असे त्या वेळी आम्ही स्वतःला समजावले. वर्गात आम्ही त्याच आठवड्यात महाडचा धडा शिकवीत होतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि नंतर सनातन्यांनी त्या तळ्याचे शुद्धीकरण केले, हे फळ्यावर लिहिताना आमचा खडू अडखळला. स्पर्शाने पाणी बाटत नाही असे आम्ही सांगत होतो, आणि स्पर्शाने लोणचे नासते हे आमच्याच कोठीत ऐकून घेत होतो.

मग लोणचे का नासले? त्याचे उत्तर देण्यासाठी मिरची मुळापासून समजून घेणे भाग पडले.

मिरची ही आपल्याकडची नव्हे. तिचे मूळ घर मध्य आणि दक्षिण अमेरिका. तेथील लोक हजारो वर्षांपासून तिची लागवड करीत होते. १४९२ मध्ये कोलंबस त्या भूमीवर पोहोचला, १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला आला आणि १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला. त्यानंतरच्या काळात त्यांच्या जहाजांतून मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली. त्यापूर्वी आपल्या जेवणातील तिखटपणा काळी मिरी, पिंपळी आणि आले यांचा होता. विनयपिटकाच्या महावग्गात भिक्खूंना औषध म्हणून जवळ बाळगण्याची अनुज्ञा असलेल्या फळांत पिप्पलीबरोबर मरिचाचाही उल्लेख येतो. ते मरिच म्हणजे काळी मिरी. नव्या फळाला आपल्या लोकांनी जुन्या मिरीचेच नाव दिले आणि मिरीची मिरची झाली. मिरी वेलीवर, मलबारच्या दमट डोंगरउतारांवर पिकणार आणि व्यापाऱ्याच्या तराजूतून येणार. मिरची मात्र परसातल्या वीतभर वाफ्यातही पिकणार. गरिबाच्या भाकरीला चव आणली ती या परकीय रोपट्याने. एक गंमत येथे नोंदवावीशी वाटते. समुद्र ओलांडणाऱ्या माणसाला ज्या स्वयंपाकघरांनी प्रायश्चित्त सांगितले, त्याच स्वयंपाकघरांनी समुद्र ओलांडून आलेल्या मिरचीला काही विचारले नाही.

आमच्या लहानपणी आमच्या घरी लोणच्याची बरणी नव्हती. बरणीला तेल लागते, आणि तेल आमच्याकडे पळीने नव्हे तर थेंबाने मोजले जाई. आई वाळकी लाल मिरची आणि खडेमीठ पाट्यावर वाटून गोळा करी, त्यावर भाकरी. हिवाळ्यात मळ्यावर मिरची तोडायला गेली की मजुरीसोबत ओट्यात थोडी मिरची मिळे. तीच वाळवून ती वर्ष काढी. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाने मराठवाड्यातील दलितांच्या अन्नाची नोंद केली, तोवर असल्या चुलींवर काय शिजते हे पाककृतीच्या पुस्तकांना जणू ठाऊकच नव्हते. तेव्हा बेगमीची कला केवळ सुखवस्तू घरांची होती, असे आमच्या माजी विद्यार्थ्यांनी मानू नये. ज्यांच्याकडे साठवायला थोडेच होते, त्यांना ते टिकवण्याचे ज्ञान अधिक लागत होते.

थंड देशांत लोक हिवाळ्यासाठी साठवण करतात, कारण तेथे हिवाळ्यात काही पिकत नाही. आपल्याकडे हिशेब निराळा आहे. खरिपाची मिरची आषाढ-श्रावणात लावली जाते, हिरवी तोड भाद्रपद-आश्विनापासून सुरू होते आणि हिवाळ्यात बाजार हिरव्या मिरचीने भरून जातो. पिकलेली लाल मिरची त्यामागून येते. नंदुरबारच्या बाजारात ती ओलीच येते आणि उघड्या माळावरच्या पथारींवर वाळते. त्या दिवसांत गावाबाहेरची जमीन लाल दिसते. भिवापुरी, ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी ही नावे प्रत्येक घराने आपापल्या सवयीने जपली आहेत. ब्याडगी रंगाला, लवंगी झणक्याला. याच हिवाळ्यात टिकवलेली मिरची हिवाळाभर ताटात असतेच, शिवाय ती उन्हाळ्याच्या महागाईत आणि पावसाळ्याच्या ओलीत कामी येते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ताज्या हिरव्या मिरचीत वजनाच्या आठ-नऊ दशांश पाणी असते. जेथे पाणी, तेथे जिवाणू आणि बुरशी यांना आसरा. मिरची टिकवणे म्हणजे तिच्यातील पाणी काढून घेणे, किंवा ते पाणी या सूक्ष्मजीवांच्या उपयोगाचे राहणार नाही असे करणे. ऊन पाणी काढते. मीठ मिरचीच्या पेशींतील पाणी बाहेर ओढते आणि सूक्ष्मजीवांनाही तहानेने मारते. लिंबाचा रस किंवा आंबट ताक आम्लता वाढवते. पुरेशा आम्लात नासवणाऱ्या बहुतेक जिवाणूंचे काही चालत नाही. तेल वरून हवा अडवते, त्यामुळे हवेवर जगणारी बुरशी वाढू शकत नाही. या चारांपैकी एक जरी ढिला पडला तर उरलेल्यांवर भार येतो. बरणीत ओला चमचा गेला की वरच्या थरातील मीठ आणि आम्ल पातळ होते, तेलाखाली पाण्याचे थेंब साचतात आणि तेथून बुरशी धरते. हेतूशिवाय फल नाही, हे आपण ज्या धम्मात वाचतो, तो नियम बरणीच्या आतही चालतो. बरणीला हात कोणाचा हे कळत नाही. हात ओला की कोरडा, एवढेच कळते.

हे कळल्यावर आम्ही आठवीच्या वर्गात एक प्रयोग लावला. विज्ञानाच्या बाई सोबत होत्या. एकाच दिवशी, एकाच घाण्यातील मिरचीचे लोणचे चार स्वच्छ काचेच्या बाटल्यांत भरले. पहिलीत नेहमीसारखे मीठ आणि कोरडा चमचा. दुसरीत तेच लोणचे, पण रोज ओला चमचा. तिसरीत मीठ अगदी कमी. चौथी बाटली पहिलीसारखीच, मात्र ती फक्त मुलींनी हाताळायची, पाळीच्या दिवसांत, हात धुऊन आणि पुसून. कोणी केव्हा हाताळली हे मुलींनी आपसांत ठरवायचे आणि नोंद बाईंकडे ठेवायची, इतरांनी विचारायचे नाही. दुसऱ्या बाटलीवर काही आठवड्यांत पांढरी साय धरली. तिसरीतील मिरच्या मऊ पडून फसफसल्या. पहिली आणि चौथी यांच्यात रंग, वास, चव यांचा काहीच फरक नव्हता. वर्गातील एक मुलगा उठून म्हणाला, "सर, एका बाटलीवरून कसं सांगता येईल?" आम्हाला त्याचा राग आला नाही, उलट आनंद झाला. पुढल्या वर्षी प्रत्येक प्रकारच्या तीन-तीन बाटल्या भरल्या. निकाल तोच आला. मावशींनी दोन्ही वेळा बाटल्या स्वतः उघडून वास घेतला. त्या काही बोलल्या नाहीत, मात्र पितळेच्या डावाऐवजी कोठीत एक कोरडा लाकडी चमचा खुंटीला टांगला गेला.

पालक-मेळाव्यात अनेक माता कृती विचारतात, म्हणून ती येथे सविस्तर देतो. या शाळेच्या कोठीत ती दरवर्षी होते.

सांडगी मिरचीसाठी जाड सालीची, फिकट हिरवी, कमी तिखट मिरची घ्यावी. एक किलो मिरची धुऊन, फडक्याने एकेक पुसून, सावलीत पूर्ण कोरडी करावी. देठ ठेवूनच उभी चीर द्यावी, मिरचीचे दोन तुकडे होऊ देऊ नयेत. शंभर ग्रॅम धणे, पन्नास ग्रॅम जिरे आणि चमचाभर मेथी किंचित भाजून जाडसर कुटावी, त्यात हिंग आणि सव्वाशे ग्रॅम मीठ मिसळून हा कूट मिरचीत दाबून भरावा. अर्धा लिटर चांगले आंबट दही घुसळून त्यात थोडे मीठ घालावे आणि भरलेल्या मिरच्या रात्रभर त्यात बुडवून ठेवाव्यात. सकाळी निथळून उन्हात घालाव्यात, संध्याकाळी पुन्हा त्याच दह्यात. दोन-तीन दिवसांत दही मिरचीत जिरते. पुढे पाच-सहा दिवस कडक ऊन द्यावे. मिरची हलवली असता आत खुळखुळ वाजली आणि देठ कट्कन मोडला की वाळली असे समजावे. हिवाळ्यातील ऊन कोवळे असते आणि रात्री दव पडते, म्हणून सूर्यास्तापूर्वी ती घरात आणावीच. जमिनीवर न टाकता बाजेवर पातळ कापड पसरून त्यावर घातली तर खालूनही वारा लागतो. तळताना तेल मध्यम तापलेले असावे आणि मिरची तपकिरी होताच काढावी. काळी झाली की कडू लागते.

हिरव्या मिरचीच्या लोणच्याला एक किलो मिरचीस दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ, शंभर ग्रॅम मोहरीची डाळ, दोन चमचे हळद, तळून कुटलेली थोडी मेथी, हिंग आणि दहा-बारा रसदार लिंबांचा रस एवढे लागते. मिठात कंजूषी करू नये. आरोग्यासाठी मीठ कमी खायचे असेल तर लोणचे कमी खावे. लोणच्यात मीठ कमी घालू नये. तेल कडकडीत तापवून पूर्ण गार करावे आणि मग ओतावे, मिरचीच्या वर बोटभर उभे राहील इतके. बरणी काचेची किंवा चिनी मातीची असावी, कारण मीठ आणि आम्ल धातूला खातात.

लाल मिरचीविषयी थोडेच सांगतो, कारण ती प्रत्येक घर जाणते. चार किलो ओल्या लाल मिरचीची साधारण एक किलो वाळकी होते. तिचा रंग उजेडात उडतो, तेव्हा वाळल्यावर ती बंद डब्यात आणि अंधारात ठेवावी. डब्यात हिंगाचा खडा टाकण्याची रीत चांगली आहे, पण ओलसर मिरचीला हिंग वाचवू शकत नाही. अर्धवट वाळलेल्या मिरचीवर धरणाऱ्या बुरशीपैकी काही जाती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. ते यकृताला घातक आहे आणि तळण्या-शिजवण्याने नाहीसे होत नाही. म्हणून बुरशी आलेली मिरची पुसून, पुन्हा ऊन दाखवून वापरू नये. आमच्या आईने तसे केले होते, आणि तिच्याजवळ दुसरे काही नव्हते. आज आपल्याजवळ आहे.

ठेच्याबाबत मात्र अधिक सावध राहावे. कच्ची मिरची आणि लसूण वाटून, वर तेल ओतून ठेवले की तो महिनोन् महिने टिकतो असा समज आहे. तेल हवा अडवते हे खरे, परंतु क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम हा जिवाणू हवा नसलेल्या ठिकाणीच वाढतो. त्याचे विष प्राणघातक असते, आणि अन्नाला वास किंवा वेगळी चव येईलच असे नाही. त्याला अडवते ती आम्लता, पीएच ४.६ पेक्षा खाली असेल तर तो वाढत नाही. लोणच्यात भरपूर लिंबू आणि मीठ असते, म्हणून ते सुरक्षित. ठेच्यात ते नसते. तेव्हा ठेचा फ्रिजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवावा. वसतिगृहात मुलांबरोबर ठेचा पाठवणाऱ्या पालकांना आमची कळकळीची विनंती आहे की त्याऐवजी सांडगी मिरची, लोणचे किंवा कोरडी चटणी पाठवावी.

मुंबई-पुण्यात वा परदेशात स्थायिक झालेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांजवळ गच्ची आणि ऊन नसते, पण फ्रीझर असतो. मिरच्या धुऊन, खडखडीत कोरड्या करून, देठ काढून पिशवीत घालून गोठवल्या तर कित्येक महिने टिकतात. त्या बर्फातून काढल्यावर मऊ पडतात, म्हणून कच्च्या खाण्यास उपयोगी नाहीत. फोडणीला मात्र न वितळवता थेट घालता येतात. तिखटपणा तसूभरही कमी होत नाही. ताज्या मिरचीतील क जीवनसत्त्वही गोठवण्यात बरेचसे राहते, उन्हात वाळवताना ते बहुतांशी जाते. हे जीवनसत्त्व विपुल प्रमाणात वेगळे काढण्यासाठी हंगेरीच्या सेगेड गावातील आल्बर्ट सेंट-ज्योर्जी यांना उपयोगी पडली ती तेथील पाप्रिका मिरचीच. १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट फार आवडते.

आणखी एक बारीकसे. मिरचीचा झणका बियांत नसतो, बिया ज्या पांढऱ्या शिरांना चिकटलेल्या असतात त्यांत असतो. तो पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून शेकडो मिरच्या चिरून हात भगभगू लागले तर आधी खोबरेल चोळावे, मग साबणाने धुवावे. जिभेला झोंबले तर पाण्याऐवजी दूध किंवा दही घ्यावे.

उंबऱ्यापाशी थांबणारी ती मुलगी पुढे बारावीपर्यंत येथेच शिकली. दुसऱ्या वर्षीच्या प्रयोगातील बाटल्यांची वही तिच्याकडे होती. आता ती एका जिल्हा रुग्णालयात परिचारिका आहे आणि तिची मुलगी यंदा आपल्या वसतिगृहात पाचवीत आली आहे. जूनमध्ये तिला सोडायला आली तेव्हा तिने पेटीतून सांडग्या मिरचीची बरणी काढली आणि स्वतः कोठीत नेऊन ठेवली. बरणीवर चिकटपट्टी लावून तारीख लिहिली होती आणि खाली एक ओळ होती : चमचा कोरडा घ्यावा.